डबा पुरायला गेलो तो रविवार

दाजींच्या मनगटावर टिकावाचा दांडा पडला, तो आवाज एवढ्या पावसात, एवढ्या चिखलातही कोरडा आला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. ते मनगट म्हणजे त्यांचं पोट. आणि दांडा मारणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या खिशात, पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घडी केलेलं एक पिवळं पत्रक होतं. ते पत्रक मी लिहिलं होतं.

हे आधीच सांगून टाकते. आम्हा कार्यकर्त्यांना सवय असते, गोष्ट अशी सांगायची की शेवटी गुन्हेगार पलीकडच्या बाजूचाच निघावा. ही तशी सांगता येत नाही. सांगायचा प्रयत्न मी केला. दवाखान्यात, ताईपुढे, दोनदा. ताई म्हणाली, "बास कर तुझं भाषण."

ऑगस्टमधली जोडून आलेली सुट्टी होती. दाजींना एका खेळाचं वेड लागलं होतं. वर्कशॉपमध्ये आलेल्या एका बाहेरच्या इंजिनिअरने तो शिकवला. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाईलवर ते आकडे बघत बघत जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची, एखादी बारकी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा लपवायचा. एकच कडक नियम. खेळात नसलेल्या माणसाला काही कळता कामा नये. कुणी बघत असेल तर उगाच बुटाची नाडी बांधायची, फोनवर बोलल्याचं सोंग करायचं. दाजींना ह्या सोंगाची भारी हौस.

शनिवारी आम्ही मुळा धरणाच्या बाजूला एक डबा शोधला. माझी भाची, वय वर्षे दहा, तिलाच तो पहिल्यांदा दिसला. आत एक गोटी, एक शिट्टी आणि ओली झालेली वही. रविवारी मात्र शोधायला जायचं नव्हतं. स्वतःचा डबा पुरायचा होता. दाजींनी तो लेथवर ॲल्युमिनियममधून काढला होता, झाकणाला आटे पाडून. पाणी आत जाऊच नये असा. वरून ताईने हाताला आला तो लाल ब्लाऊजपीस गुंडाळला. जागा ठरली जायकवाडीच्या फुगवट्याचा काठ. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. शेवगावकडे गेलं की धरणाचं मागे तुंबलेलं पाणी लागतं, पलीकडचा काठ दिसत नाही, वाऱ्याने लाटा उठतात. भाची त्याला बिनधास्त समुद्र म्हणते. आम्हीही मग समुद्रावर चाललो म्हणूनच निघालो, छत्र्या, खुरपं आणि शेंगदाण्याची चटणी-भाकरी घेऊन.

फाट्यावर एक पत्र्याचं हॉटेल होतं. मालकीण एकटीच, पन्नाशीची, पदर खोचलेला. चहा गाळताना तिने कमरेला हात लावला आणि कण्हली.

"चमक भरलीय ओ. तीन दिस झालं, वाकता येईना."

ताई लगेच म्हणाली, "अगं बाई, मग आमची हाय की! पायाळू हाय ही. घ्या पाय लावून."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात ते मूल पायाळू. त्याचा पाय लागला की कमरेची चमक जाते म्हणतात. त्याच्यावर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून ताईने पावसाळाभर भाचीच्या पायात लोखंडी कडं घातलं होतं. आणि पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. ही तिसरी समजूत सगळ्यात घाण. तिच्यापायी भोंदू लोक पोरं पळवतात, ओसाड जागी नेतात, पूजा मांडतात, आणि पुढचं लिहवत नाही. ह्याच्याविरुद्ध आमचं काम चालतं.

मी ताईवर उखडले. "मी गावोगाव बोंबलत फिरते आणि माझ्या घरात हे?"

"तू गप गं. तुझं पत्रक काय सोडवनार हाय का तिची कंबर?"

दाजी फिदीफिदी हसले. हॉटेलवाली बाकावर पालथी झाली आणि भाचीने तिच्या कमरेला तीनदा पाय लावला, अगदी परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून. बाई उठली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "गेली बया! पाय गुनाचा हाय पोरीचा." भाचीसमोर बशीभर गरम भजी आली.

मी तोंड फिरवलं तर बिस्किटांच्या बरण्यांच्या वर, भिंतीला, माझं पिवळं पत्रक. खळ लावून चिकटवलेलं. छाती फुगली माझी, खोटं का बोलू. मजकूर पाठच होता. परकी गाडी, हातात यंत्र, ओसाड जागी उकरणं, सोबत पायाळू लेकरू! एवढं दिसलं की समजा! घेरा! सोडू नका! आणि खाली माझा नंबर, या नंबरवर ताबडतोब कळवा. दाजी उद्गारचिन्हांवरून चेष्टा करतील म्हणून मी त्यांना ते दाखवलं नाही.

"एवढ्या पावसात कुठं चाललाव?" बाईने विचारलं.

दाजींच्या अंगात खेळ शिरला. आवाज खाली आणून म्हणाले, "जरा जुन्या गावठानाकडं. काम हाय एक. सांगन्यासारखं न्हाई."

भाची तोंडात भजं ठेवून म्हणाली, "आम्ही ना तिथं..." आणि दाजींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "शूऽ! फुटायचं न्हाई."

आम्ही हसलो. बाई हसली नाही. तिने आधी भाचीच्या पायातल्या कड्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. मला ते दिसलं होतं. दिसूनही मी चहा संपवला.

धरणात उठलेल्या गावाची जोती पाणी पुरतं चढेपर्यंत काठावर उघडी असतात. दगड, फुटका रांजण, अर्धं बुडालेलं बाभळीचं खोड. पाऊस तिरपा मारत होता. काळी माती चपलेला धरत होती, प्रत्येक पावलाला पाय जड. दाजी मोबाईल समोर धरून जोत्याभोवती फिरत होते, आकडे जुळवत. ताईच्या हातात लाल कपड्यातला डबा. भाची खुरप्याने जोत्याच्या कोपऱ्यात उकरत होती.

तेव्हा माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी कट केला. लगेच पुन्हा वाजला.

"उचला की पत्रकवाल्या बाई," दाजी म्हणाले. "कुनीतरी भोंदू धरला आसंल."

"आज सुट्टी आहे माझी," मी म्हणाले आणि दुसऱ्यांदा कट केला. वर आवाज बंद केला.

मग दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. खड्डा अर्धा उकरून झाला होता. उसाच्या पिकातून माणसं आली. पंधरा-वीस तरी. काठ्या, टिकाव, एकाच्या हातात ठिबकच्या पाइपाचा तुकडा. आरडाओरडा नव्हता. त्याचीच भीती वाटली.

पहिल्यांदा त्यांनी भाचीला उचललं. एकाने तिला मागून काखेत हात घालून वर घेतलं आणि पळाला, बांधाकडे, आणि ती लाथा झाडत ओरडत होती, "पप्पा! पप्पा!" दाजी त्याच्यामागे धावले तर पाइप त्यांच्या नडगीवर बसला. ते चिखलात तोंडावर पडले. कुणीतरी पाठीवर पाय दिला.

"कुठल्या गावचं हाव? आं? कुनाची पोरगी हाय ती?"

"माझी... माझी हाय..."

"शिकवून ठिवलंय बघा पोरीला! पप्पा म्हन म्हनून!"

ताई भाचीकडे धावली. तिचा अंबाडा एकाच्या मुठीत आला आणि ती मागच्या मागे जोत्यावर आपटली. लाल कपड्यातला डबा गडगडत गेला. एका म्हाताऱ्याने तो काठीने उलटा केला, लाल कपडा बघितला आणि "बघा, बघा, पूजा मांडायला निघालंत" असं म्हणून ताईच्या बरगडीत काठी खुपसली. ताई बसल्या जागी त्या माणसाच्या पोटरीला चावली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. आमची ताई, दुधाचं पातेलं सांडलं तरी रडणारी.

मी काय केलं? मी कायदा सांगितला. कायदा हातात घेता येत नाही, तुम्हाला शिक्षा होईल, जादूटोणाविरोधी कायद्यात असं आहे, तसं आहे. चौकसभेत बोलते त्याच आवाजात. "लई शिकलेली टोळी हाय," कुणीतरी म्हणालं. एका पोराने माझ्या हातातून फोन हिसकला आणि थोबाडीत मारली. ओठ दातावर फुटला. मी वाकून दगड उचलला आणि त्याच्या जबड्यावर हाणला. त्याच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली. मला बरं वाटलं. ही ओळ खोडावी असं दोनदा वाटलं, ठेवतेय.

मग त्यांनी दाजींचा उजवा हात जोत्याच्या दगडावर ओढून धरला. "ह्याच हातानं कापनार हुतास न्हवं?" दांड्यावर टिकावाचं लोखंड नव्हतं, नुसता दांडा होता, हे आमचं नशीब. दाजी मोठ्याने ओरडले नाहीत. "लेथवरचा हात हाय ओ," एवढंच म्हणाले. कुणाला कळणार होतं ते? दांडा वर गेला, आणि तेव्हा त्या माणसाच्या खिशातली पिशवी मला दिसली. आतला पिवळा कागद. "घेरा!" हा शब्द घडीतून अर्धा दिसत होता.

पहिला फटका बसला. तो आवाज सुरुवातीलाच सांगितला.

आता खरं ते सांगते. पहिला फटका बसला तेव्हाच मला कळलं होतं की सुटका कशाने होईल. ओरडायचं, की हे पत्रक माझं आहे, मी लिहिलंय. पण ते वाक्य तोंडातून निघेना. भीती होतीच, तिच्याहून लाज मोठी होती. माझ्या बहिणीसमोर, त्या मोडक्या हातासमोर, मी हे लिहिलंय असं म्हणायची लाज. त्या गप्प बसण्यात दुसरा फटका पडला. तिसरा पडला. तिसऱ्याला दाजींचा श्वास अडकला आणि त्यांचे डोळे वर गेले.

"ते पत्रक माझं आहे!" मी किंचाळले. "खिशातलं! मी लिहिलंय ते!"

"आता पत्रक बी हिचंच!"

"नंबर लावा! खालचा नंबर लावा! फोन माझाच वाजेल!"

कुणी ऐकेना. दांडा पुन्हा वर. तेव्हा बांधावरून बाईचा आवाज आला. "थांबा रं! थांबा मुडद्यांनो!" फाट्यावरची हॉटेलवाली. भाचीला तिने पदरात गुंडाळून छातीशी घट्ट आवळलं होतं, पोरगी तिच्या दंडाला ओरबाडत होती. बाईने एका हाताने कनवटीचा मोबाईल काढला. तिला नंबर शोधावा लागला नाही. तिने नुसतं बटण दाबलं.

ज्या पोराचा जबडा मी फोडला होता, त्याच्या हातातला माझा फोन उजळला. आवाज बंद होता, पण थरथरला. त्याने तो बघितला. मग बाईकडे बघितलं. मग फोन वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. पावसाचे थेंब त्या काचेवर पडत होते आणि फोन थरथरतच होता.

दांडा तरीही एकदा खाली आला. ज्याचा हात वर गेला होता त्याला थांबता आलं नाही, की थांबायचं नव्हतं, माहीत नाही. तो दाजींच्या खांद्यावर बसला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. एकमेकांना शिव्या, कुणी आधी मारलं, कुणी सांगितलं. ज्याने दाजींच्या पाठीवर पाय दिला होता तोच त्यांना काखेत हात घालून उठवत होता. "पाहुनं, जरा दमानं. दमानं हं." पाहुणं! पाच मिनिटांपूर्वी नरबळीवाला, आता पाहुणं! एकाचा कांद्याचा टेम्पो होता, त्यात रिकामी पोती अंथरून दाजींना घातलं. मी अंगात आल्यासारखी सगळ्यांना शिव्या देत होते. तुम्ही गाव नाही, कत्तलखाना आहात, असलं काहीतरी.

हॉटेलवालीने भाचीला ताईच्या मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या दंडावर नखांचे ओरखडे होते.

"पत्रकात लिव्हलं तसंच हुतं की ओ सगळं," ती म्हणाली. "परकी गाडी. पायाळू पोरगी. बाप्या तिच्या तोंडावर हात ठिवतोय. मला काय सुधरंना."

"म्हणून माणसं घातली अंगावर?"

"न्हाई. आधी म्या तुमालाच फोन लावला." तिने मोबाईलची काच माझ्यापुढे धरली. "दोनदा. तुमी कट केला. मंग गावात लावला."

टेम्पो हलला. मी त्यात बसले. शेवगावच्या दवाखान्यापर्यंत दाजींचा मोडका हात माझ्या मांडीवर धरून होते.

दाजींच्या मनगटात स्टीलच्या पट्ट्या बसल्या. बोटं मिटतात, पण घट्ट मिटत नाहीत. लेथवर आता नाही उभं राहता येत. कंपनीने स्टोअरमध्ये बसवलंय, नटबोल्टची खोकी डाव्या हाताने उचलतात. भाचीने कडं काढायला लावलं आणि कुणी कमरेसाठी पाय मागितला की आतल्या खोलीत जाऊन कडी लावते.

पोलिसात तक्रार द्यायची होती. आमच्या गटातले एक ज्येष्ठ घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "सगळं लिही, कुणाची गय करू नकोस. फक्त पत्रकाचा उल्लेख कशाला? विरोधकांच्या हातात कोलीत." इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. मी दाजींकडे बघितलं. ते गळ्यात हात अडकवून कॉटवर बसले होते.

"लिवायचं तर सगळं लिव," दाजी म्हणाले. "न्हाईतर नगं लिवू."

मी सगळं लिहिलं. ज्यांची तोंडं ओळखता आली ती लिहिली, मी मारलेला दगड लिहिला, पत्रक जोडलं, आणि दोन फोन आले होते आणि ते मी कट केले, हेही लिहिलं. ठाण्यातल्या साहेबांनी ते वाचून मान वर केली. "हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिताय, मॅडम." मी म्हणाले, सही कुठे करायची ते सांगा.

केस चालू आहे. त्यातले काही जण मला रस्त्यात दिसले तर आजही माझ्या मुठी वळतात. माफ केलंय असं कुणी समजू नये. पंधरा-वीस माणसांनी एका पडलेल्या माणसाला मारलं, आणि आम्ही परके होतो एवढं त्यांना पुरलं. एकानेही त्या पोरीचं ऐकलं नाही, ती घसा फुटेपर्यंत खरं सांगत असताना. पण तसंच वागा असं छापून त्यांच्या भिंतीपर्यंत मी पोचवलं होतं, त्यालाही माफी नाही.

दिवाळीनंतर मी नवं पत्रक घेऊन फाट्यावर गेले. जुनं अजून तिथंच होतं, धुराने तपकिरी पडलेलं. हॉटेलवालीने मला ओळखलं. बस म्हणाली नाही. मी नवा कागद तिच्या हातात दिला. ती अक्षराला बोट लावून वाचते.

"ह्यात 'सोडू नका' न्हाई," ती म्हणाली.

"नाही. 'अंगाला हात लावू नका' आहे. आणि लेकराला बाजूला घेऊन विचारा, त्याचं ऐका, असं आहे."

"आन् खरंच न्यायला आलं आसलं कुनी तर? आमी हात लावायचा न्हाई, पोलिसाचा पत्त्या न्हाई, मंग?"

"मग गाडी अडवा. रस्त्यावर आडवं लाकूड टाका. आणि फोन करा."

"कुनाला?"

मी कागदाकडे बोट दाखवलं. तिने कागदाचा तळ बघितला. "नंबर त्योच ठिवलाय व्हय?"

"तोच."

तिने कनवटीचा मोबाईल काढला, माझ्याकडे बघतच बटण दाबलं आणि कानाला लावला. माझ्या पिशवीत वाजायला लागलं. आम्ही दोघी समोरासमोर, मध्ये भज्यांची कढई. मी पिशवीत हात घातला, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली फोन सापडेना, वाजतच राहिला, शेवटी सापडला. मी उचलला.

"हां," ती फोनमध्ये म्हणाली, "उचलला." आणि सुरीने भिंतीवरचं जुनं पत्रक खरवडायला लागली.